पुढची सीट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मुलांना तर नाहीच. आणि जिला सांगायला हवं, ती आत्ता पलीकडच्या खोलीत वाटाणे सोलत बसली आहे — तिला सांगायला मला दहा वर्षं पुरली नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतो.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरीला. उमेदीची वर्षं मीटर वाचण्यात आणि आकडे नोंदवण्यात गेली. दिसलेला आकडा लिहायचा, वाटलेला नाही — हे तिथे पहिल्याच दिवशी शिकवलं. ती सवय अंगात मुरली. सोसायटीत पाण्यावरून भांडण झालं की मला बोलावतात. माझा शब्द कुणी पडताळून पाहत नाही. बढाई म्हणून सांगत नाही हे. त्या विश्वासाचं मी काय केलं, तेच तर सांगायचं आहे.

त्रेचाळिसाव्या वर्षी मी पहिली गाडी घेतली, आणि त्याच वर्षी ती चालवायला शिकलो. ठरवलं — महिन्यातून एक रविवार सगळ्यांनी बाहेर पडायचं. सगळे म्हणजे मी, बायको वंदना, मुलगी, मुलगा आणि आक्का. आक्का माझी बहीण, चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. मला वाढवलं ते आक्कानं. तिचं लग्न राहून गेलं — की माझ्यापायी राहिलं? — आणि पुढे ती माझ्याच घरी राहिली.

पहिल्या रविवारी भंडारदऱ्याला निघालो. वंदना गाडीत बसता बसता म्हणाली, "पंधरा वर्षं स्कूटरवर तुमची पाठ बघितली. आता मी पुढे!" आक्का मागे, दोन मुलांच्या मधे. घोटी सोडली, वळणं सुरू झाली आणि आक्काला उलटी झाली. तिनं ती आपल्याच पदरात घेतली, नवी गाडी खराब होऊ नये म्हणून. मग पुन्हा झाली. घाटनदेवीचं नाव घेत ती बिचारी कशीबशी पोचली.

दोन-चार दिवसांनी मी तिला गंगापूर रोडवर कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं. ती आतल्या खोलीत साडी सारखी करत होती, तेवढ्यात ते मला म्हणाले, "काही नाही हो. पुढच्या सीटवर बसवा, काच खाली ठेवा, रिकाम्या पोटी नेऊ नका. बरं वाटेल."

आम्ही पायऱ्या उतरलो. आक्कानं विचारलं, "काय म्हणाले रे?"

मी म्हणालो, "कानाचा तोल गेलाय म्हणाले. गाडीत बसायचं नाही."

इतकंच. ठरवून नाही म्हणालो — पण तोंडातून निसटलं असंही नाही. समोर रिक्षा उभी होती; गाडी घरी ठेवून रिक्षानंच आलो होतो आम्ही. आक्का तिच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मग आता रिक्षापण नको ना?"

 ती चालायला लागली.

आम्ही घरापर्यंत चालत आलो. ऊन होतं. ती मधेच थांबून म्हणायची, "तू जा रे रिक्षानं, तुला कशाला त्रास?" नंतर मी गाडीच्या मीटरवर ते अंतर मोजलं — अडीच किलोमीटर. कशासाठी मोजलं? मला माहीत नाही. अडीच किलोमीटर माझ्या शेजारून ती चालली, आणि त्यातल्या कुठल्याही पावलाला मला खरं सांगता आलं असतं.

पुढचं वर्षभर आम्ही हिंडलो. वणीचा गड, सापुतारा, नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी, पुन्हा भंडारदरा. मुलं अजून म्हणतात, ते आपलं सगळ्यात छान वर्ष. दर खेपेला आक्का पहाटे उठून पुऱ्या तळायची, बटाट्याची भाजी करायची, डबा माझ्या हातात द्यायची आणि गॅलरीत उभी राहायची. मला त्या सहली नको झाल्या. पण थांबवायच्या तरी काय कारण सांगून? मुलं शुक्रवारपासून विचारायची, "बाबा, रविवारी कुठे?" घाटात पुढे ट्रक, मागे ट्रक, मधे मी — तसं ते वर्ष गेलं. वळता येत नव्हतं.

आणि आक्का? तिनं रिक्षा सोडली. बस सोडली. भद्रकालीतल्या बाजारात जाणं सोडलं. पायी जाऊन परत येता येईल, तेवढंच नाशिक तिच्याकडे उरलं. शेजारणींना कौतुकानं सांगायची, "दिगू मला गाडीत बसूच देत नाही. फार जपतो."

घोटीच्या पुढे आमचं जुनं गाव. तिथे तिची मैत्रीण होती, यमुना. आक्काला त्या गाडीकडून हवं होतं ते एवढंच — भाताच्या आवणीच्या, रोपं लावायच्या दिवसांत एकदा गावी जायचं, यमीच्या बांधावर बसायचं. ते तिनं गाडी आली त्याच दिवशी सांगितलं होतं, नंतर कधीच नाही. आम्ही तिकडून जाणार असलो की ती यमुनासाठी लाडू द्यायची. मी ते पोचवायचो. यमुना बोलायची, "हिला गाडी लागती? आरं, भाताच्या पोत्यांवर बसून घोटीला जायचो आम्ही. लय उंडारायचो. तिला काय नाय लागत. तू आण तिला, मी बघते."

मी हसायचो. हो म्हणायचो.

वर्ष सरता सरता यमुना गेली. सकाळी फोन आला. आक्का न बोलता तयार झाली, जिना उतरून खाली आली. आम्ही दोघंच होतो. गाडीची पुढची सीट रिकामी होती. तिनं मागच्या दाराला हात लावला — आणि काढून घेतला. म्हणाली, "नको. वाटेत थांबत बसावं लागेल. तुला उशीर होईल, तिचं तोंडही दिसायचं नाही. तू जाऊन ये."

पुढे बस. दोनच शब्द होते. डॉक्टरांनी दिलेले, फुकटचे. मी ते बोललो नाही. बोललो असतो तर तिनं विचारलं असतं, मग वर्षभर का नाही?

मी एकटाच गेलो. गाडीची काच खाली होती. शेजारी कुणी नव्हतं.

तेव्हा मी स्वतःला सांगायचो, वंदनाला मागे कसं बसवणार? हौसेनं पुढे बसली होती ती. घरात वाद नको. पण मी वंदनाला विचारलं होतं का? कधीच नाही. आणि हल्ली मुलानं मोठी गाडी घेतल्यापासून ती आपणहून मागे बसते. म्हणते, "पुढे डोळ्यांवर ऊन येतं. मला मेली ती पुढची सीट तेव्हाही नकोच वाटायची."

म्हणजे ते कारणही नव्हतं. खरं कारण सांगतो.

त्या पहिल्या सहलीत, उलटी व्हायच्या आधी, घाटात एक बस अंगावर आली. माझे हात थरथरायला लागले. मागून आक्का म्हणाली, "दिगू, घाबरू नको हं बाळा. मी आहे." तिला मागून माझे हात दिसले होते. मुलगी फस्सकन हसली. मुलगा दिवसभर मला चिडवत होता — "दिगू बाळा, घाबरू नको हं!" वंदनाही हसली. आणि मी ठरवलं — ठरवलंच — की ही बाई माझ्या शेजारी बसणार नाही. माझी भीती जिला लहानपणापासून ओळखू येते, ती बाई माझ्या गाडीत नको. ती पुढे बसली असती तर वळणावळणाला तिला कळलं असतं. म्हणून मी तिला पायी चालायला लावलं. दहा वर्षं.

परवाच्या रविवारी मुलगा तिला म्हणाला, "आत्या, चल ना. पुढे बस. पुढे बसलं की नाही लागत, कुणीही सांगेल तुला."

आक्का हसली. "कुणीही कशाला सांगेल? मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय. विचार तुझ्या बाबांना. तो वाढवून सांगत नाही, कमी करून सांगत नाही."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. वंदनानंही पाहिलं.

मी गाडीत पुढच्या सीटवर बसलो, पट्टा लावला. आक्कानं खिडकीतून डबा माझ्या मांडीवर ठेवला. तो अजून गरम होता. मग ती वर गॅलरीत जाऊन उभी राहिली, आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत होती.