परातीतली इंग्रजी

माझा स्वभाव मुळातच संशयी. तळेगावाहून लग्न होऊन पिंपरीला आले, ती हाच स्वभाव पदरात बांधून. स्वातंत्र्याला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती, आणि मी मॅट्रिक झालेली. ही मॅट्रिक सासरी कुणाला पटलेली नाही, असं मला सारखं वाटायचं. त्यामुळे मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पहिल्यांदा इंग्रजी शब्द विचारला तेव्हा मी मनाशी म्हटलं, झाली परीक्षा सुरू.

मामंजी रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी स्टेशनच्या बाकावर स्टेशनमास्तरांबरोबर त्यांचा एक खेळ चाले. एकाने दोन इंग्रजी अक्षरं द्यायची, दुसऱ्याने ती दोन्ही असलेला शब्द दुसऱ्या दिवशी आणायचा. मामंजींचे शब्द लवकरच आटले आणि मग त्यांना घरातली मॅट्रिक आठवली.

अडचण अशी, की आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नसे. ते ओसरीवर बसून भिंतीला विचारायचे, "झेड आणि बी असलेला शब्द कुणाला ठाऊक आहे का?" उत्तर जायचं ते आत्याबाईंच्या, म्हणजे सासूच्या तोंडून. आत्याबाई रहाटणीच्या, शेतकऱ्याघरच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. मग मीच तोड काढली. भाकरीसाठी परातीत घेतलेलं पीठ सपाट करायचं, त्यात बोटाने शब्द काढायचा आणि परात आत्याबाईंच्या हाती द्यायची. मामंजी वाचायचे, हूं म्हणायचे, तळहाताने पीठ सारखं करून परात आत पाठवायचे. त्याच पिठाच्या आम्ही भाकरी थापायचो.

परात नेताना आत्याबाई मान वाकडी करून पिठाकडे बघायच्या.

"काय लिवलंस?"

"झेब्रा. पट्ट्यापट्ट्यांचं जनावर असतं एक."

"मंग त्ये ह्यांना कशापायी सांगतीस?"

नवरा आणि सून आपल्याला न कळणाऱ्या खुणा एकमेकांना पाठवतात, त्याही आपल्याच हातून, म्हटल्यावर कुणाच्याही मनात पाल चुकचुकली असती. माझ्या तर नक्कीच.

त्यातच ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, औषधाच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार होतं. भाड्याची जागा सोडून सगळ्यांनी तिकडे जायचं, असं मी धरून चालले होते. पण आमच्याकडे एक म्हैस होती, आणि कॉलनीत म्हैस ठेवू देत नसत. म्हशीचा विषय निघाला की बापलेक गप्प व्हायचे. आत्याबाई मला चुलीपाशी गाठायच्या. "काय ठरलंय गं? तुला ठावं हाय." मला खरोखरच ठाऊक नव्हतं, पण ते त्यांना पटायचं नाही.

एके सकाळी ओसरीवरून आवाज आला, "एक्स आणि पी. एक्स्प्रेस नको, ते मास्तरांनी आधीच वापरलंय." मला तीन-चार शब्द सुचले, पण परातीत मावेल असा आखूड हवा होता. मी ठसठशीत लिहिलं, एक्सपेल.

परात गेली ती परत येईना. तवा तापून लाल झाला. ओसरीवर मामंजी खाकरत होते, म्हणजे परात त्यांच्यापर्यंतही पोहोचली नव्हती. मागचं दार उघडं दिसलं. आत्याबाई परातीवर सूप झाकून थेट निर्वासितांच्या छावणीकडे गेल्या होत्या. तिथे एका सिंधी माणसाचं कापडाचं दुकान होतं. इंग्रजी येणारा आणि तरीही आमच्या घरातला नसलेला, असा त्यांना तो एकच माणूस माहीत होता. त्याने शब्द वाचला आणि बिचाऱ्याने अर्थही सांगितला.

आत्याबाईंनी येऊन मामंजींसमोर परात आदळली. पीठ सगळ्या ओसरीभर उडालं.

"मला हाकलून द्यायचं ठरलं व्हय? तिनं लिवायचं, तुमी वाचायचं, आन् परात मी न्यायची?"

मामंजी खो खो हसले. "अगं, खेळ आहे तो! नुसती अक्षरं जुळवायची. अर्थाचा काय संबंध?" दारामागे मलाही हसू आवरेना. हे कारखान्यात जायला निघाले होते, पायात वहाणा सरकवत होते. ते मात्र हसले नाहीत. खाली मान घालून वहाणेचा अंगठा चाचपत राहिले. माझं हसू तिथेच विरलं. आत्याबाईंनीही ते पाहिलं.

"बोल," त्या मुलाला म्हणाल्या.

मग बाहेर आलं. म्हैस रहाटणीला मामाकडे ठेवायची, आणि म्हशीबरोबर आत्याबाईंनाही. "थोडे दिवसच गं आई. तुला कॉलनीत करमायचं नाही." बापलेकांचं हे सगळं कधीच बोलून झालं होतं. आम्हा दोघींना कुणी विचारलं नव्हतं.

मला भयंकर राग आला. ह्यांचा आला, मामंजींचा आला आणि स्वतःचाही आला. सगळ्या जगावर संशय घेणारी मी, आणि नेमका हाच घ्यायचा राहिला होता. मी उंबरा ओलांडून ओसरीवर आले आणि सासऱ्यांशी पहिल्यांदाच तोंडाने बोलले. "आत्याबाई येणार नसतील तर मीही क्वार्टरवर येणार नाही. मी पण राहीन रहाटणीला, म्हशीपाशी."

मामंजींनी सवयीने भिंतीकडे पाहिलं. शेवटी भिंतीलाच म्हणाले, "बरं, जाऊ सगळेच." पुढे म्हैस एकटीच रहाटणीला गेली आणि दोन खोल्यांत आम्ही चौघं मावलो.

पण त्या सकाळी, पुरुषमंडळी निघून गेल्यावर, आम्ही दोघी सांडलेलं पीठ गोळा करत बसलो होतो. मला वाटलं, आता ही बाई मला पोटाशी धरील. त्यांनी हात थांबवला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"आज माज्या बाजूनं बोललीस," त्या म्हणाल्या, "ते तरी मनातनं व्हतं, का कालच पिठात लिवून ठरीवलं व्हतं?"