वहीत न लिहिलेला महिना

सासूबाईंच्या कपाटात एक निळी वही आहे. त्यांच्या घराण्यात कोण कधी जन्मलं, कोणाचं लग्न कधी झालं, कोण कधी गेलं, सगळं तिच्यात लिहिलेलं आहे. प्रत्येक नावापुढे दिवस, महिना, वर्ष. माझ्या लग्नापुढे मात्र नुसतं वर्ष होतं. एकोणतीस वर्षं ती ओळ तशीच होती आणि एकोणतीस वर्षं ती माझ्या डोळ्यांत खुपत होती.

कारण सांगते. मी पुण्याची. नॉटिंगहॅमला हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरीला लागले आणि तिथेच एका इंग्रज मुलाशी लग्न केलं. लग्न मार्चमध्ये झालं आणि साडेसात महिन्यांनी मुलगी झाली. सहा आठवडे आधी आली बिचारी. पाच पौंडांनाही जराशी कमी, दोन आठवडे काचेच्या पेटीत. सासूबाई तिसऱ्या दिवशी आल्या, पेटीत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "महिन्यांच्या मानाने चांगलीच मोठी आहे." मी म्हटलं, ती सहा आठवडे आधी आलीय, डॉक्टरांना विचारा. त्या "हो का," म्हणाल्या. पण पर्सवर ठेवलेल्या हाताची बोटं एकेक करून हलली. मार्च, एप्रिल, मे, जून. मी बघत होते हे त्यांनीही बघितलं. त्यानंतर हा विषय कधी निघाला नाही, आणि वहीत महिना कधी लिहिला गेला नाही.

दुसऱ्या कुणी मोजले असते तर मी सोडून दिलं असतं. पुण्यातही दोघी-तिघींनी मोजलेच होते, त्यांना माझ्या आईने दारातच झापलं. पण सासूबाई क्वेकर. त्यांच्या या ख्रिस्ती पंथात धर्मगुरू नसतो. रविवारी मीटिंगला सगळे गोल करून गप्प बसतात, ज्याला आतून वाटेल तो उभा राहून बोलतो. कोर्टातही शपथ घेत नाहीत ही माणसं. का, तर शपथेवर तेवढं खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं चालतं असं होईल. अशा बाईने मला खोटारडी ठरवलं होतं, तेही एक शब्द न उच्चारता. भांडायचं तरी कशावर? त्यांनी काही म्हटलंच नव्हतं!

गेल्या वर्षी मी रिटायर झाले. सासूबाई तेव्हा सत्त्याऐंशीच्या, नजर अधू झालेली. एक दिवस त्यांनी मला वही दिली आणि म्हणाल्या, "यात एक दुवा सापडत नाही. माझ्याच्याने आता वाचवत नाही. तुझा हात याला लागला तर बरं होईल." त्यांचे पूर्वज जवळपास तीनशे वर्षांपूर्वी इथून अमेरिकेतल्या वसाहतीत गेले होते आणि त्यांतली एक शाखा परत आली. मधली एक बाई आणि तिचा मुलगा, त्यांचाच पत्ता लागत नव्हता. तिथल्या मीटिंगच्या, म्हणजे पंथाच्या मंडळीच्या, जुन्या वह्या आता स्कॅन करून ठेवलेल्या आहेत, घरबसल्या बघता येतात. तीस वर्षं मी डॉक्टरांचं अक्षर वाचलंय, माझ्यापुढे तीनशे वर्षांपूर्वीचं अक्षर ते काय!

पाच महिने लागले, पण बाई सापडली. तिने पंथाबाहेरच्या माणसाशी लग्न केलं होतं, तेही चर्चमध्ये, पाद्र्याच्या हातून. म्हणून लग्नाची नोंद मीटिंगच्या वहीत नव्हती, गावातल्या चर्चच्या रजिस्टरात होती. जुलै महिना. मग मीटिंगने दोन बायकांना तिच्या घरी समजावायला पाठवलं. त्या गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. शेवटी तिने चूक झाली म्हणून कागद लिहून दिला आणि मीटिंगने तिला परत घेतलं. हे सगळं वाचताना माझा तिच्यावर जीव जडला. बाहेरचं लग्न, घरी येऊन बसणाऱ्या बायका, सगळं ओळखीचं वाटत होतं. आणि मग मीटिंगच्या वहीत तिच्या मुलाच्या जन्माची नोंद दिसली. पुढच्या वर्षाचा दुसरा महिना.

महिन्यांची नावं रोमन देवांवरून पडली म्हणून क्वेकर महिन्यांना आकडे द्यायचे, हे मला माहीत होतं. दुसरा महिना म्हणजे फेब्रुवारी. जुलैत लग्न, फेब्रुवारीत मुलगा. मी बोटं मोजली. पुन्हा मोजली. सात!

खरं सांगते, मला उकळ्या फुटल्या. घरात एकटीच होते, तरी मी टाळी वाजवली. एकोणतीस वर्षं माझे महिने मोजणाऱ्या घराण्याची मूळ आजीच सात महिन्यांत बाळंत! तीही दिवस भरायच्या आधी बाळंत झाली असेल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्या!

सासूबाईंनी रविवारी मीटिंगनंतर चार-पाच मैत्रिणींना चहाला बोलावलं होतं, मी काय शोधलं ते ऐकायला. मी सगळं वाचून दाखवलं. शेवटी सासूबाईंकडे बघून हसत हसत म्हटलं, "जुलैत लग्न आणि फेब्रुवारीत मुलगा. चालायचंच. महिन्यांच्या मानाने चांगलाच मोठा असेल." सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "बरीच मेहनत घेतलीस तू." बस्स, एवढंच. गाडीत नवरा म्हणाला, "हे गरजेचं होतं का?" मी म्हटलं, "हो, होतं."

मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला. मी जिन्यात होते, तिथेच बसले. म्हणाल्या, "मी त्या दिवशी हॉस्पिटलात बोटं मोजली. तू बघितलंस हे मला माहीत होतं. तू खरं सांगत होतीस आणि मी विश्वास ठेवला नाही. मला माफ कर." पुढे काहीच नाही, स्वतःची बाजू मांडणं नाही की हवापाण्याच्या गप्पा नाहीत. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवून जिन्यातच हमसून हमसून रडले. नवरा धावत आला, त्याला वाटलं कोणी गेलं.

पुढचे दहा-बारा दिवस मी हवेत होते. त्यात सासूबाईंच्या हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनचा दिवस ठरला, गुरुवार. या वयात धोका आहे, असं सर्जनने स्पष्टच सांगितलं होतं. मी ठरवलं, त्याआधी त्यांची वही पूर्ण करून द्यायची. म्हणून सोमवारी पुन्हा त्या स्कॅन केलेल्या पानांवर बसले, दोन तारखा ताडून बघायला. मुलाच्या नोंदीच्या आधीची चार पानं उलटली आणि एका बैठकीच्या नोंदीच्या डोक्यावर लिहिलेलं दिसलं: पहिला महिना, ज्याला मार्च म्हणतात.

मी तीनदा वाचलं. तेव्हा या लोकांचं वर्षच मार्चमध्ये सुरू व्हायचं. पहिला महिना मार्च. मग दुसरा एप्रिल. जुलै ते एप्रिल, नऊ महिने. पूर्ण नऊ!

अगं बाई, हे मी काय करून बसले! दरवर्षी मार्च-एप्रिलात खिडकीत गुढी उभारून नवीन वर्षाचे फोटो पुण्याला पाठवणारी मी, आणि वर्ष जानेवारीतच सुरू होतं असं धरून चालले. शिवाय त्या दोन बायका! ज्या मीटिंगने पाद्र्याकडून लग्न लावलं म्हणून तिला इतकं छळलं, ती लग्नाआधी दिवस गेले असते तर तसंच सोडून देणार होती का? कागदात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मला सात हवे होते. मी एका मेलेल्या बाईचे महिने बोटांवर मोजले आणि चहाच्या टेबलावर पाच जणींसमोर तिला नावं ठेवली. म्हणजे तेच केलं, अगदी तेच.

आणि ती माफी? ती माझ्या चुकीवर उभी होती. आपल्या घरातही तसंच झालं होतं, असं वाटून त्या वाकल्या होत्या. खरं सांगितलं तर त्या माफी मागे घेणार, आणि ऑपरेशनला जाताना मनात पुन्हा तोच हिशोब घेऊन जाणार. नाही सांगितलं आणि त्या परत आल्याच नाहीत, तर मी जन्मभर चोरलेली माफी घेऊन बसणार.

नवरा म्हणाला, "ऑपरेशन होऊ दे, मग बघ. आता तिच्या डोक्याला ताप नको." मी वॉटफर्डला मुलीला फोन केला. तिचं मराठी इथलं, पण माझ्याशी हट्टाने मराठीच बोलते. म्हणाली, "आई, चूक तुझा आहे ना? मग सांग. आजी तुला सॉरी म्हणाली तेव्हा तिला पण सोपा नव्हता." मी तिच्यावरच खेकसले आणि फोन ठेवला. रागाचं काय, तो कुठेही निघतो.

बुधवारी दुपारी ट्रामने हॉस्पिटलला गेले. पिशवीत वही होती. दोनदा वाटलं, मधल्याच स्टॉपवर उतरावं. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या, फारच लहान दिसत होत्या. खुर्ची ओढली आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं, "मी चुकले. दुसरा महिना फेब्रुवारी नव्हे, एप्रिल. नऊ महिने पूर्ण होते. तुमच्या पूर्वजांमध्ये तसं काही झालेलं नाही." इंग्रजीत यू एकच, पण माझ्या मनात त्यांना कायम अहो-जाहोच, भांडतानासुद्धा. "तुम्ही माफी मागितलीत ती त्यामुळे. ती परत घ्यायची असेल तर घ्या."

त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पहिला महिना मार्च. लहानपणी मीटिंगमध्ये शिकवलं होतं आम्हाला. तू वाचत होतीस तेव्हाच मी एप्रिलपर्यंत पोचले होते. तुम्ही दोघं गेल्यावर मैत्रिणींनाही सांगितलं."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे सगळ्यांना माहीत होतं? आणि मला नाही? मी दोन रात्री झोपले नाहीये! तिथल्या तिथे का नाही बोललात?"

"सगळ्यांसमोर तुला खोटं पाडू?" त्या म्हणाल्या. "एकदा पाडलं होतं."

शेजारच्या बेडवरच्या बाईने टीव्हीचा आवाज कमी केला, तिला सगळं ऐकायचं होतं बहुतेक.

"तू कधी चिडून काही बोलली नाहीस," त्या पुढे म्हणाल्या. "म्हणून मलाही बोलता आलं नाही. त्या रविवारी चिडलीस तेव्हा कळलं, अजून दुखतंय तुला." मग त्यांनी हात पुढे केला. "वही आणली आहेस ना? आणि पेन."

मी पान उघडलं. ओळ दिसेना म्हणून खाली माझ्या बसपासची कड धरली. माझ्या लग्नापुढे त्यांनी दिवस लिहिला. मला विचारावा लागला नाही त्यांना. मग महिना. वहीभर आकडे आहेत, पण तिथे त्यांनी मार्च असं अक्षरांत लिहिलं. मला वाटलं झालं, मी वही ओढू लागले. त्यांनी माझं बोट बाजूला सारलं, खालच्या ओळीवर गेल्या, माझ्या मुलीच्या जन्मतारखेवर, आणि तिच्यापुढे हळूहळू, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: सहा आठवडे आधी जन्मली.