सहा नंबर रिकामा

ऑर्केस्ट्रात तिला सगळे बटनताई म्हणतात. हे नाव ड्रमवाल्याने ठेवलं, आणि ड्रमवाल्याने ठेवलेली नावं सहसा पुसली जात नाहीत. व्हायोलिनवाल्याला तो किरकिर म्हणतो, आणि आता त्या बिचाऱ्याची बायकोही त्याला तेच म्हणते. बटनताईने मात्र कधी तक्रार केली नाही. तिचं कामच तसलं. दिसायला तिच्यापुढे कीबोर्ड असतो, पण त्याला स्वतःचा आवाज नाही. कुठली पट्टी दाबली आणि किती जोरात, एवढा निरोप तो शेजारच्या लॅपटॉपला पोचवतो. गळा काढायचं काम लॅपटॉपचं.

पट्ट्यांच्या वर आठ रबरी बटनं आहेत. एकेका बटनावर एकेक आवाज. दोन्ही हात गुंतलेले असले की पायाखालचं पेडल दाबायचं, म्हणजे पुढचा नंबर लागतो. गाणं चालू असताना, गायिका श्वास घेते तेवढ्या वेळात बासरीवरून व्हायोलिनवर जायचं आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, ही तिची कला. ऐकणाऱ्याला वाटावं, पडद्यामागे पंचवीस माणसं बसली आहेत. पाच नंबरवर व्हायोलिनांचा ताफा, सातवर पियानो. सहावर काहीच नाही. पाचवरून सातवर जाताना तिला पेडल दोनदा दाबावं लागतं आणि मधे क्षणभर कीबोर्ड मुका होतो.

"बटनताई, तुमच्या पायाला उचकी लागते बघा," ड्रमवाला म्हणतो.

"तू तुझ्या हाताकडे बघ," ती म्हणते.

सहा नंबर काढून टाकला तर प्रश्नच मिटेल, हे ध्वनीवाल्याने तिला तीनदा सांगून पाहिलं. दोन मिनिटांचं काम. ती म्हणते, असू दे. अशा बाईशी कोण डोकं लावणार?

सहावर काय होतं, ते तिच्या घराच्या जिन्यात उभं राहिलं तर कळेल. ती वरच्या मजल्यावर एकटी राहते. खाली दादा आणि वहिनी. वडील लवकर गेले, तेव्हा दादा एकोणीसचा आणि ही नऊची. दादा दिवसभर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेट वाजवायचा. बहिणीला पेटीवर बसवलं ते त्यानेच. पहिल्या दिवसापासून एकच धोशा: माणूस जिथे दम घेईल तिथे तूही बोट उचल, नाहीतर सूर मेल्यासारखा वाटतो. चुकली की डोक्यात टपली. पुढे ती ऑर्केस्ट्रात आली. तेवीस वर्षं दोघं एकाच मंचावर, तो उजवीकडे, ती डावीकडे. एका गाण्याच्या मध्यात क्लॅरिनेटची लांब सुरावट होती. तिच्यासाठी लोक थांबायचे. दादा वाजवायचा आणि ती खालून तीच सुरावट पियानोवर हळूच धरायची. त्या दोन मिनिटांत तिला कुणी स्वर्गात नेऊन सोडतो म्हणालं असतं तरी ती उठली नसती.

मग एका आठवड्यात दादाला ताप भरला. कार्यक्रम ठरलेला. तिने लॅपटॉपमधून क्लॅरिनेटचा आवाज शोधला, सहावरचा पियानो सातवर सरकवून तो तिथे टाकला आणि वेळ निभावली. दादा पुढच्या आठवड्यात परत आला. सहावरचा आवाज काढून टाकायचं तिच्या मनात होतं. राहून गेलं. एवढीच चूक. गाणं आलं, व्हायोलिनं संपली, तिने सवयीने पेडल एकदाच दाबलं आणि पियानोच्या जागी क्लॅरिनेट लागलं. एकच सुरावट, दोन क्लॅरिनेटं. दादाने वाजवता वाजवता तिच्याकडे बघितलं आणि वाद्य ओठांपासून काढून मांडीवर ठेवलं. तिने हात उचलायला हवा होता. उचलला नाही. गाण्याला भोक पडेल या भीतीने बोटं पुढे चालत राहिली, आणि तीही कशी, तर दादाने शिकवलेल्या जागी दम घेत घेत. सभागृहात एकाही माणसाला फरक कळला नाही. टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या. भरीत भर, कार्यक्रम संपल्यावर संचालकांनी दादाच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "आज क्लॅरिनेट काय लागलं होतं हो!"

दादाने वाद्य पेटीत ठेवलं ते कायमचं. ऑर्केस्ट्रा सोडला. बहिणीशी बोलणं सोडलं.

तिला वाटलं, राग नाकावरचा आहे, दोन दिवसांत उतरेल. त्याच संध्याकाळी खाली जाऊन पाय धरले असते तर कदाचित निभावलं असतं. पण हीही त्याचीच बहीण. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, आणि एकदा महिने मोजायला लागलं की पहिला शब्द इतका जड होतो की तो उचलायला कुणी धजत नाही. अकरा वर्षं झाली. एकच जिना, एकच पाण्याची टाकी. "तिला सांग, टाकी भरली." "त्याला सांग, मला डोळे आहेत." मधे वहिनी. वहिनी कधी कधी वैतागून दोघांचे निरोप स्वतःच बदलते, म्हणून घर टिकलं आहे.

बटनताईला खालचं सगळं ऐकू येतं. दादाचा खोकला, रेडिओ, कपाटाचं करकरणारं दार. अकरा वर्षं ती कान लावून आहे, की एखाद्या दुपारी, वहिनी बाहेर गेल्यावर तरी, तो क्लॅरिनेट काढेल. जगातला कुठलाही आवाज ती बटनावर आणू शकते. तो एक आणू शकत नाही. लॅपटॉपमधलं क्लॅरिनेट क्लॅरिनेटच असतं, पण त्यात दादा नसतो. हे तिला तेव्हाच ठाऊक होतं. सभागृहाला नव्हतं.

परवाच्या शनिवारी वहिनी वर आली, खुर्चीवर टेकली आणि पदराने वारा घेत म्हणाली, "वन्सं, सोमवारी यांचे दात काढणार आहेत. वरचे सगळे."

"सगळे?"

"हलताहेत म्हणे. डॉक्टर म्हणाले, आता राखण्यात अर्थ नाही. नंतर कवळी."

वहिनीच्या दृष्टीने तो जेवणाखाण्याचा प्रश्न होता. बटनताईच्या दृष्टीने नव्हे. क्लॅरिनेट वरच्या दातांवर तोललेलं असतं. कवळी लावून वाजवणारेही असतात, पण दादाला ती चांगलीच ओळखत होती. सूर एक केसभर हलला तर तो वाद्य खाली ठेवणारा माणूस. म्हणजे सोमवारपर्यंत वाजलं तर वाजलं.

रविवारी दुपारी तिने खिडक्या सताड उघडल्या. स्पीकर जमिनीवर ठेवला, तोंड फरशीकडे. ते गाणं तिने अकरा वर्षांत घरी एकदाही वाजवलं नव्हतं. एक नंबर, तीन नंबर, मग पाचवर व्हायोलिनं. मग डाव्या हाताने नुसता ठेका आणि साथ धरून उजवा हात मांडीवर ठेवला. सुरावटीची जागा मोकळी सोडली. मोकळी जागा संपली, गाणं पुढे गेलं, संपलं. तिने पुन्हा पहिल्यापासून घेतलं. दुसऱ्या वेळी खालचा रेडिओ बंद झाला. तिसऱ्या वेळी, ठेका चालू असताना, खाली खट् खट् असे दोन आवाज आले. क्लॅरिनेटच्या पेटीच्या खिट्ट्या. ते आवाज तिने झोपेतसुद्धा ओळखले असते.

तिचा जीव कानात आला. चौथ्या वेळी मोकळ्या जागेत तिने ठेकाही हळू केला, म्हणजे खालची पहिली फुंकर निसटायला नको. काही आलं नाही. पाचव्या वेळी नाही. सहाव्या वेळीही नाही, तेव्हा लॅपटॉप पाचवर तसाच चालू सोडून ती उठली. नाही म्हणतो तर नाही. एवढ्या वर्षांत तिला दादाचा असा राग कधी आला नव्हता. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि मनसोक्त रडली.

सोमवारी दुपारी वहिनी दवाखान्यातून परतली आणि आधी वरच आली.

"काल तुम्ही वाजवत होतात ना, वन्सं, तेव्हा यांनी ते बाहेर काढलं होतं."

"ऐकलं मी. आणि परत आत ठेवलं."

"जोडलं की. पुसलं. ओठालाही लावलं. पण ती रीड असते ना, तोंडाजवळची वेताची, ती वाळून चिरली होती. पेटी सगळी उलटीपालटी केली, दुसरी मिळेना. रविवार, दुकान बंद. मग तसंच मांडीवर घेऊन बसले, तुम्ही थांबेपर्यंत."

ऑर्केस्ट्रात आता क्लॅरिनेट नव्हतं, पण बटनताईच्या टेबलाच्या खणात रीडची अख्खी डबी पडून होती. आठेक वर्षांपूर्वी एका दुकानात दिसली म्हणून घेतली होती, द्यायला तोंड नव्हतं म्हणून ठेवून दिली होती. कुणीतरी जिन्यातून एक हाक मारायची होती. त्याने, नाहीतर तिने.

"मला सांगायचं नाही का, वहिनी?"

"म्हटलं मी, वर जाऊन विचारते. नको म्हणाले." वहिनीने डोळे टिपले. "तुम्ही दोघंही एकाच माळेचे मणी."

चारच्या सुमारास ती कीबोर्डपुढे बसली असताना जिन्यावर पावलं वाजली. जड, मधे थांबत येणारी. वहिनीची नव्हेत. दारात दादा उभा होता. गाल सुजलेले, तोंडात कापसाचे बोळे, एका हातात रुमाल. बोलायला तोंड होतं तेव्हा अकरा वर्षं बोलला नाही, आणि आला तो नेमका बोलता येत नाही त्या दिवशी. तिला हसू आलं आणि त्याच हसण्यात हुंदका फुटला. तो आत आला आणि कीबोर्डशेजारच्या खुर्चीवर बसला. पट्ट्यांकडे बघत राहिला.

"दादा," ती म्हणाली. शब्द फार सोपा निघाला. "त्या दिवशी मी हात उचलायला हवा होता. तू थांबलास ते दिसलं रे मला. तरी वाजवत राहिले. गाणं मोडेल म्हणून. तुला तिथे बसवून ठेवलं आणि मी वाजवत राहिले."

त्याने मान हलवली. हो की नाही, ते तिला कळेना. त्याने काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, नुसतं घुं झालं, आणि रुमालावर थोडं रक्त आलं.

"नको बोलूस."

मग त्याने हात पुढे केला. तिचा उजवा हात मांडीवरून उचलला, पट्ट्यांवर नेऊन ठेवला आणि त्यावर आपला पंजा ठेवून दाबला. व्हायोलिनं घुमली. तिने दचकून हात काढून घ्यायला बघितला. त्याने आणखी घट्ट दाबला. दुसऱ्या हाताचं बोट तिच्यासमोर आडवं हलवलं: उचलायचा नाही. तेव्हाही नाही, आताही नाही. छापखान्यातली शाई अजून त्याच्या नखांच्या कडेला होती.

ती तशीच बसून राहिली. इतकी वर्षं तिला ऐकायचा होता तो सूर हा नव्हता, आणि तो आता कधी येणार नव्हता. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात मोकळा नव्हता, आणि दादा तो सोडत नव्हता.