एका तिकिटाचं वजन

सुखदेव गेल्याचं मला त्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं. मी दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं, हातात झाडू तसाच होता. वंदना म्हणाली, "काका, बाबा गेले... पहाटे, झोपेतच." मी गल्ल्यामागे जाऊन बसलो. रडू आलं नाही, ते नंतर आलं, भलत्याच वेळी, साखर तोलताना. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो आला. ज्येष्ठ लेखक, निवृत्त शिक्षक, चार पुस्तकांचे कर्ते वगैरे वगैरे. पान उजव्या हाताचं आणि जागा वरच्या कोपऱ्यातली, जिथं वाचणाऱ्याची नजर आधी जाते. इतक्या वर्षांचा मित्र गेला होता, आणि तो फोटो पाहताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की बेट्यानं जाता जाताही चांगली जागा पटकावली. हेवा हा असा असतो, तो माणसासोबत जळत नाही. मला सुखदेवचा हेवा वाटायचा, आजही वाटतो, आणि तो बाजूला ठेवून त्याच्याबद्दल लिहायला बसलो तर मला एक ओळ लिहिता येणार नाही.

मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं किराणा दुकान. आता तिथं काचेचं कपाट आणि फ्रीज आहे, पण मी सांगतो आहे ते सत्तरच्या दशकातलं, आमचा जिल्हा अकोला होता आणि वाशीम नुसतं तालुक्याचं गाव होतं तेव्हाचं. सुखदेव प्राथमिक शाळेवर मास्तर म्हणून आला. मूळचा कारंज्याकडच्या धनजचा. बाप दुसऱ्याच्या शेतात राबणारा, घरातला पहिला मॅट्रिक हाच. त्याला गावात खोली सहज मिळत नसे. का, ते गावाला ठाऊक होतं, त्याला होतं आणि मलाही होतं. आज इथं तर चार महिन्यांनी तिथं, अशा खोल्या बदलत राहिल्या. मग एके दिवशी त्यानं मला विचारलं, "मधू, माह्या टपालाले तुह्या दुकानाचा पत्ता देऊ का? माह्या घराचा काही भरवसा नाई." मी हो म्हटलं. तेव्हा आमची ओळख नवी होती, दोघांनाही लिहायचा नाद होता, आणि त्या होकारानं आपण काय ओढवून घेतो आहोत याची मला काडीचीही कल्पना नव्हती.

शाळा सुटली की तो दुकानात यायचा आणि रद्दीच्या ढिगाशी मांडी घालून बसायचा. पुड्या बांधायला आम्ही किलोवर रद्दी घ्यायचो. ती अकोल्याहून, रिसोडहून, कुठून कुठून आलेली असायची. वर्तमानपत्रं, शेतकी साप्ताहिकं, बायकांची मासिकं, मुलांची पाक्षिकं, कुण्या पतपेढीचं वार्षिक. मला त्यातलं काही वाचण्याजोगं वाटत नसे. मी पुण्याच्या एका नामांकित मासिकाचा भक्त होतो, त्याच्याखाली उतरायची माझी तयारी नव्हती. सुखदेव मात्र त्या रद्दीत गिऱ्हाईक शोधायचा. कोण काय छापतं, किती लांबीचं छापतं, आणि पत्त्याच्या चौकटीत 'स्वीकृत साहित्यास मानधन दिले जाईल' ही ओळ आहे की नाही, हे तो आधी पाहायचा. एकदा त्यानं एका साप्ताहिकाचे सुटे अंक माझ्यापुढं मांडले.

"हे पाय. या पानाच्या तळाले दर खेपेले एवढीशी जागा उरते. जाहिरात नाई आली का हे लोक तठी काहीबाही भरते. आपुन तेवढंच लिवून पाठवाचं."

"तळाची जागा भरायला लिहायचं?" मी विचारलं.

"मंग? तू कथा लिवून राह्यला, पण त्याइले कथा पाह्यजे का नाई, हे कोठी पाह्यलं तुनं?"

मी हसलो होतो. महिनाभरात त्याची पेरणीआधीच्या बियाण्याच्या निवडीवरची चौकट त्या तळाला छापून आली. मग बायकांच्या मासिकाला ज्वारीच्या कण्यांचे प्रकार, मुलांच्या पानाला कोडी, वर्तमानपत्राच्या रविवारच्या अंकाला आमच्या आठवडी बाजारावर एक लेख. प्रत्येकाखाली तिन्ही नावं, स्वतःचं, बापाचं आणि आडनाव. जागा वाचवायला संपादकानं बापाचं नाव गाळलं की तो कार्ड टाकून कळवायचा, पुढच्या वेळी गाळू नका म्हणून. तेवढ्या एका बाबतीत तो कुणाचं ऐकत नसे.

लिहून झालं की ते तोलायचं. आमच्याकडे जिरं, लवंग, वेलदोडे तोलायचा एक लहान पितळी तराजू होता. सुखदेव एका पारड्यात कागद ठेवायचा, त्यासोबत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट, आणि दुसऱ्या पारड्यात मी पितळी वजन ठेवायचो. एका तिकिटात जेवढं जाईल तेवढंच पाठवायचं, हा त्याचा नेम. मास्तरच्या पगारात घर चालवून, धनजला पाठवून जे उरे त्यात दुसरं तिकीट बसत नसावं, पण हे तो कधी बोलला नाही. कागदाचं पारडं खाली गेलं की मी म्हणायचो, "जड हाय." तो कागद उचलायचा, तिथंच पोत्यावर बसून पुन्हा वाचायचा आणि काटछाट करून एक पान कमी करून आणायचा. काढलेलं पान रद्दीच्या ढिगावर. आबा, म्हणजे माझे वडील, त्यात बिनदिक्कत जिरं बांधून द्यायचे. गावातल्या कित्येक घरांत सुखदेवच्या हस्ताक्षरातलं जिरं गेलेलं आहे. मला ती कंजुषी वाटायची. संपादकांना मात्र त्याचं लिखाण नेमकं वाटे, तशी पत्रं त्याला येत, आणि ती माझ्याच पत्त्यावर येत.

मी चारचार तिकिटं लावायचो. माझी कथा थंड हवेच्या ठिकाणी घडायची. नायिका बंगल्यात राहायची आणि संध्याकाळी पियानो वाजवायची. मी थंड हवेचं ठिकाण पाहिलं नव्हतं, पियानो तर नाहीच नाही. पण वाक्यं सुंदर होती, हे मी आजही म्हणेन. पुण्याहून ती कथा परत येई, मी ती नव्यानं उतरवून काढी, नायिकेचं नाव बदली आणि पुन्हा पाठवी. आमचे पोस्टमन रहीमभाई. ते रस्त्याच्या वळणावर दिसले की माझा जीव खालीवर व्हायचा. जाड पाकीट असलं की ते माझं, साभार परत. हातात मनीऑर्डरचा फॉर्म असला की ते लांबूनच आवाज द्यायचे, "मास्तर का पैसा आया!" दुकानात चार गिऱ्हाइकं असायची, आबा असायचे. एकदा मी म्हटलं, "द्या, मी सही करतो, त्याला देऊन टाकीन." रहीमभाई म्हणाले, "नाही शेठ, तुमची नाही चालत. सही मास्तरचीच पाहिजे." आणि ते मधल्या सुट्टीपर्यंत माझ्याच बाकावर बसून, माझाच चहा पिऊन सुखदेवची वाट पाहायचे. दुकान आमचं, रद्दी आमची, तराजू आमचा, आणि मानधन त्याचं.

छापून येणं मलाही जमलं होतं, नाही असं नाही. तालुक्याच्या एका अंकात माझी कविता आली. मी ती आबांना दाखवली. त्यांना अक्षरं लावून लावून वाचता यायचं. त्यांनी अंक उलटापालटा करून पाहिला.

"याचे पैसे देते का ते?"

"नाही."

"मंग कायले?" ते म्हणाले, आणि गूळ फोडायला लागले. रागानं नव्हे, त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. आबा गल्ल्यावर असावेत, रहीमभाईंनी रस्त्यातून आवाज द्यावा, आणि नाव माझं असावं. एकदाच. रक्कम कितीही असो.

आबांची एक रीत होती. पुडी बांधायला कागद घेतला आणि त्यावर माणसाचा फोटो असला की ते थांबायचे. मजकूर वाचायला वेळ लागायचा, म्हणून सुखदेवला विचारायचे, "गुरुजी, हा जित्ता हाय का मेला?" जित्ता असला, मंत्री असो की पैलवान, तर त्यात मिरची बांधायला त्यांची ना नसे. मेलेला असला, श्रद्धांजलीचा फोटो असला, की तेवढा कागद फाडून ते गल्ल्याखालच्या लाकडी खोक्यात ठेवायचे. "त्याच्या घरचे लोक कोठी रडत असन. त्याच्या तोंडात आपुन हयद कायले भराची?" वर्षातून एकदा ते खोकं घेऊन नदीवर जायचे आणि कागद पाण्यात सोडून यायचे. मी जन्मापासून हे पाहत होतो. आमच्या घरात ते पोतं झटकण्यासारखं रोजचं होतं.

दशक संपायला आलं होतं. त्या दिवाळीला माझी कथा परत आली, चौथं नाव घेतलेल्या नायिकेसकट. आणि त्याच पुण्याच्या मासिकाच्या दिवाळी अंकात, माझ्या त्या मासिकात, सुखदेवचा लेख आला. आबांच्या त्या खोक्यावर. दोन पानं, एका तिकिटात गेलेली. मनीऑर्डर आली तेव्हा रहीमभाईंनी आवाज दिला, सुखदेवनं सही केली, आणि मग आबांनी त्याला उभं करून सगळा लेख वाचायला लावला. गिऱ्हाइकं तेल घ्यायचं विसरून ऐकत होती. आबांनी मधूनच धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. वाचून झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"तुले काहून नाई सुचलं बापू हे? तू त रोज अठीच बसते."

त्या संध्याकाळी मी सुखदेवला एसटी स्टँडपाशी गाठलं. म्हटलं, "माझा बाप आहे तो."

"हो ना," तो म्हणाला. "म्हणून त थांबलो होतो. मले वाटे तू लिवशीन. लय वाट पायली गड्या. पण तू त त्या बाईच्या पियानोपाशीच बसला."

मला त्याला मारावंसं वाटलं. तो चोरून लिहिता तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यानं फक्त माझ्या दुकानात बसून माझ्या बापाकडे पाहिलं होतं, आणि मी त्या वेळी रस्त्याच्या वळणाकडे पाहत होतो, रहीमभाई येतात का म्हणून. होळीपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. त्याचं टपाल आलं की आबांच्या हाती द्यायचो. मग एका दुपारी तो आला, पारड्यात कागद ठेवले आणि काहीच झालं नसल्यासारखा म्हणाला, "पाय बरं, जड हाय का?" मी वजन ठेवलं. जड होतं. तसं सांगितलं. तो पोत्यावर जाऊन बसला आणि आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

पुढं त्याची बदली झाली, पुस्तकं आली, कारंज्याला घर झालं. आबा गेले. त्यांच्या कानावर माझ्या नावाची हाक पडायची राहिली ती राहिलीच. मी लिहीत राहिलो, फुकट छापणारे मिळत गेले. सुखदेव भेटला की विचारायचा, "काय लिवून राह्यला?" मी काहीतरी सांगायचो. त्याला ते खरं वाटायचं की नाही कुणास ठाऊक, पण तो मान हलवायचा.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं अंगणात मावत नव्हती. शाळेतली जुनी पोरं, आता पोक्त झालेली, रांगेनं बोलत होती. मला बोलायला सांगितलं तर मला दोन वाक्यंही धड जमली नाहीत... तिथंच एका पेपरच्या पुरवणीच्या संपादकबाई भेटल्या. म्हणाल्या, "तुम्ही त्यांचे सगळ्यांत जुने मित्र. आमच्यासाठी लिहा ना. मानधन देऊ, खात्याचा नंबर तेवढा पाठवा." मी नंबर पाठवला. म्हणजे माझ्या आयुष्यातलं पहिलं मानधन हे. सुखदेव मेला म्हणून मिळालेलं. आवाज द्यायला रहीमभाई नाहीत, ऐकायला आबा नाहीत, मोबाइलवर एक बारकीशी टिंग वाजेल आणि झालं. आणि पुरवणी वाचून माणसं म्हणतील, काय माणूस होता हो सुखदेव गुरुजी! लिहिलं कुणी, ते कोण पाहतो?

पेपरातला त्याचा फोटो मी तो छापून आला त्याच दिवशी फाडून गल्ल्याखालच्या खोक्यात ठेवला. आबांनंतर ती रीत मी चालवतो, आता पुड्या कुणी बांधत नसलं तरी. हा लेख नात मोबाइलवर टाइप करून पाठवणार आहे, त्याला तिकीट लागत नाही. तरी काल लिहून झाल्यावर मी तराजू काढला, चिंचेनं घासला, एका पारड्यात हे कागद ठेवले आणि दुसऱ्यात ते पितळी वजन. कागदाचं पारडं धाडकन खाली गेलं. दुकानात कुणी नव्हतं. मीच म्हणालो, "जड हाय." मग पोत्यावर बसून पहिल्यापासून वाचलं. माझ्या कथेचा सारांश होता, तो काढला. माझ्या कवितेच्या आठ ओळी होत्या, त्या काढल्या. संपादकांनी मला कसं ओळखलं नाही यावर दीड पान होतं, चांगलं उतरलं होतं, तेही काढलं. पारडं हळूहळू वर आलं आणि काटा मधोमध थांबला.

काढलेली पानं रद्दीवर टाकली आहेत. त्यांत जिरं बांधायला हरकत नाही. त्यांवर मेलेलं माणूस कुणी नाही.