नाव घेतलं त्या मंगळवारी

कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या कम्युनिटी सेंटरमध्ये दर मंगळवारी ज्येष्ठांचा वर्ग असायचा. आधी खुर्चीत बसून व्यायाम, मग स्मरणशक्तीचे खेळ. मी आईला घेऊन जायचे आणि इतर मराठी मंडळींसाठी दुभाष्याचं काम करायचे.

तिथे एक काका यायचे. त्यांचं नाव मी विचारलं नव्हतं. बायकोचे स्नो बूट तेच काढायचे, व्यायामात तिचा हात अलगद उचलून धरायचे. काकू एकेक गोष्ट विसरत चालल्या होत्या. नातवंडं तर कधीच पुसली गेली होती.

शिकवणारी मुलगी काकांकडे बोट दाखवून दर वेळी नाव विचारायची. काकू लाजून म्हणायच्या, "आमचे हे." मुलगी कागदावर फुली मारायची. आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मी तिला दोनदा सांगितलं. पण फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.

काका मात्र खूश असायचे. "पन्नास वर्षांत घेतलं नाही. नाव घेत नाही, म्हणजे मी कोण ते ठाऊक आहे तिला."

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी काकूंनी नाव घेतलं. आडनावासकट, खणखणीत, शेजाऱ्याचं घ्यावं तसं. मुलगी "गुड जॉब!" म्हणून ओरडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी आई तेवढी खाली बघत राहिली.

काका बूट चढवायला वाकले होते. मान वर न करता मला म्हणाले, "त्या मुलीला सांगा, आज उत्तर चुकलं."

तेवढं एक वाक्य मी इंग्रजीत सांगितलं नाही.