पाणी येऊन राहिलं

रत्नागिरीचा माणूस बोट विकत घ्यायला भंडाऱ्याला निघालाय हे कळल्यावर आमच्या आळीतल्या लोकांनी आधी माझ्याकडे आणि मग नीलाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, सहानुभूतीने पाहिलं. आमच्या अंगणातून समुद्र दिसतो. दात घासताना मी रोज बोटी बघतो. पण त्या सगळ्या मासेमारीच्या. मला हवी होती यॉट. खाली केबिन, वर छप्पर, आत चहा करायला जागा, आणि पांढरी टोपी घालून सुकाणूपाशी उभं राहिलं तर कोणी हसणार नाही अशी. निवृत्त माणसाला एकतर अध्यात्म सुचतं, नाहीतर हे.

नव्या यॉटची चौकशी करायचीसुद्धा माझी ऐपत नव्हती. जुनीची जाहिरात मोबाइलवर दिसली : 'डिझेल मोटर यॉट, जुनी पण दणकट. मु. कारधा, भंडारा.' नीला म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा ऐकलं होतं. तुझा वळसा राज्याला आहे."

मी फोन केला. पलीकडून एका म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला. मी विचारलं, "इंजिन कसं आहे?"

"चालून राहिलं."

"आणि बोट?"

"पाण्यात बसून राहिली."

मला तो माणूस एकदम आवडला. जुनी वस्तू विकणारा कोण स्वतःहून सांगतो की इंजिन चाललं आणि मग राहिलं? बोट पाण्यात बसली ती बसलीच? एवढा प्रामाणिक माणूस बघायला तरी जाऊया, असं मी नीलाला म्हणालो. तिला बोटीत बसलं की उलटी होते. बंद पडलेल्या आणि बुडालेल्या बोटीपासून धोका नाही, असा हिशेब करून ती तयार झाली.

ज्या स्टेशनच्या नावात 'रोड' असतं ते स्टेशन गावापासून लांब असतं. भंडारा रोडही तसंच निघालं. उतरून ऑटो केली आणि वाटेत एका टपरीवर नाश्त्याला थांबलो. प्लेटमध्ये आलुबोंडा, वर लालभडक रस्सा. टपरीवाल्याने विचारलं, "सांबार टाकू का जी?" नीला म्हणाली, "नको, रस्सा पुरे आहे." त्याने हातातली कोथिंबीर नाइलाजाने परत ठेवली. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे आम्हाला शेजारच्या गिऱ्हाइकाने सांगितलं. मराठी बोलतो म्हणून मराठी कळतेच असं नाही, हा इशारा होता. आम्ही तो रश्शाबरोबर गिळला.

कारध्याला वैनगंगेच्या काठावर पोचलो आणि मी हातातली पिशवी खाली ठेवली. खाली गोसेखुर्दच्या धरणाने पाणी अडवल्यापासून नदी इथवर फुगून आलेली. पलीकडे भंडारा शहर, अलीकडे हे गाव, आणि मध्ये एवढं पाणी की समुद्रवाल्यानेही जरा नम्र व्हावं. आणि त्या पाण्यात, भाजीच्या बाजारात चुकून आलेल्या नवरदेवासारखी, एक यॉट उभी होती. कधीकाळी पांढरी. नावाची अक्षरं उडालेली, खिडकीच्या एका काचेऐवजी खताच्या पोत्याचा तुकडा. पण तरंगत होती. आणि इंजिन चक्क धडधडत होतं.

"या जी, या," काठावरून देवरावजी पुढे आले. हेच ते फोनवरचे. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. "पाहा, चालून राहिलं का नाही?"

"चालतंय की!" मी म्हणालो.

"मंग? तेच त म्हणलो तुम्हाले."

आम्ही येईपर्यंत बिचाऱ्याने दुरुस्त करून घेतलं असणार, असं मी समजलो. मनातल्या मनात त्यांना आणखी गुण दिले.

या बोटीचा इतिहास त्यांनी चहा पिता पिता सांगितला. मुंबईच्या कुठल्याशा शेठची ही यॉट ट्रेलरवर चढवून कोलकात्याला चालली होती. लाखनीजवळ हायवेवर ट्रेलरचा पाटा तुटला, शेठचं आणि ट्रेलरवाल्याचं वाजलं, आणि बोट एका ढाब्यामागे उतरवली गेली ती तिथेच. कित्येक पावसाळे ट्रकवाले तिच्या केबिनमध्ये बसून जेवले. शेवटी देवरावजींनी ती ढाबेवाल्याकडून विकत घेतली. म्हणजे आमच्याच किनाऱ्याची बोट भंडाऱ्याला आली होती आणि तिच्यामागून मी. नीलाने माझ्याकडे फक्त पाहिलं.

"पण तुम्हाला काय करायची होती?" तिने देवरावजींना विचारलं.

त्यांनी बायकोकडे बघितलं. सुशीलाबाई पायऱ्यांवर बसून होत्या. लहानखुऱ्या, चष्मा नाकावर, हातात काठी.

"यायले घरी न्याचं होतं," ते म्हणाले. "आमचं गाव मोहटोली. खाली, चार-सहा कोसांवर. धरणात गेलं. लोकं उठले, आमीही उठलो. ही ट्रॅक्टरमदी बसून रडून राहिली होती, त मी म्हणलो, रडू नको, तुले एक डाव घरी आणीन. पाय ओले न होता आणीन."

"डोंग्यात (लहान नावेत) मले भेव लागते," सुशीलाबाई म्हणाल्या. "म्हणून यायनं हे जहाज आणलं. आन् हे जहाज दरवेळेस अर्ध्यातूनच परतते."

आता सुशीलाबाईंचे गुडघे गेले होते. मुलगा दोघांना नागपूरला घेऊन जाणार होता, कायमचं. बोट विकायची होती, पण एक अट होती. आधी दोघांना मोहटोलीवर नेऊन आणायचं, मग बोट माझी. मी लगेच हो म्हणालो. गिऱ्हाईक म्हणून मला चाचणी हवीच होती, आणि पांढरी टोपी मी पिशवीतून आणलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सुकाणूवर मी. खाली इंजिनपाशी ताराचंद, गावातला डिझेल पंप दुरुस्त करणारा, चेहऱ्यावर सगळं ठाऊक असल्याचा भाव. सुशीलाबाईंच्या मांडीवर भंडाऱ्याच्या पितळेचा एक मोठा गंज (पातेलं), फडक्याने बांधलेला. नीला लिंबू हुंगत छपराखाली. देवरावजींनी बोटीत एसटीसारखी दोरी आणि घंटी बसवून घेतलेली होती. त्यांनी डबल बेल दिली आणि आम्ही निघालो.

सकाळचं पाणी शांत होतं. काठावर धानाची हिरवी बांधी (भातखाचरं), मधूनच एखाद्या ढिवरभाऊचं (मासेमाराचं) जाळं. बगळे आमच्याकडे बघून उडण्याचीही तसदी घेत नव्हते. मी टोपी नीट केली. आयुष्यात इतका देखणा मी फक्त लग्नात दिसलो असेन.

डिझेलच्या बोटीत इंजिन थंड ठेवणारं पाणी मागच्या नळीतून बाहेर यावं लागतं, एवढं ज्ञान मला होतं. ते वापरायची संधी आली म्हणून मी ओरडलो, "ताराचंद, पाणी आलं का?"

खालून आवाज आला, "येऊन राहिलं, सायेब!"

आलं आणि राहिलं. "छान!" मी म्हणालो.

थोड्या वेळाने पुन्हा, "सायेब, पाणी येऊन राहिलं!"

"राहू दे!"

"जोऱ्यानं येऊन राहिलं!"

"उत्तम!"

देवरावजी माझ्याकडे मोठ्या आदराने बघत होते. मला वाटलं टोपीमुळे. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी नंतर सांगितलं : हा समुद्राचा माणूस, याले पाण्याचं काय भेव!

मग नीलाची एक चप्पल केबिनच्या दारातून तरंगत बाहेर आली. तिच्यामागून दुसरी.

"अरे, पाणी राहिलं ना?" मी किंचाळलो.

"राहिलंच तर!" ताराचंद घोट्याएवढ्या पाण्यातून ओरडला. "मघापासून सांगून राहिलो का येऊन राहिलं, आन् तुम्ही उत्तम म्हणून राहिले!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. येऊन राहिलं म्हणजे येतंय. आत्ता. थांबलेलं नाही. आणि फोनवरचे देवरावजी प्रामाणिक वगैरे काही नव्हते, ते मालाची जाहिरात करत होते.

पाण्यातल्या पंख्याचा शाफ्ट बोटीच्या बुडातून जिथे बाहेर पडतो, तिथली पाणी अडवायला कोंबलेली दोरी कुजून सुटली होती. ताराचंद म्हणाला, "परत चला." देवरावजींचा हात घंटीच्या दोरीकडे गेला आणि एकच घंटी वाजली. गाडी थांबवा.

"दरवेळेस इथूनच," ते म्हणाले. सुशीलाबाईंनी पाय वर घेतले, पण ओले झालेच होते. गंज घट्ट धरून समोरच्या पाण्याकडे बघत राहिल्या. पुढच्या आठवड्यात त्या नागपूरला जाणार होत्या. हे दरवेळेसचं शेवटचं होतं, आणि ते बोटीत सगळ्यांना माहीत होतं. मला टोपीची लाज वाटली. ती काढून खिशात कोंबली.

मी नीलाकडे पाहिलं. ती आतापर्यंत दोनदा ओकली होती. परत वळायला तिच्याइतकं हक्काचं कारण कोणाकडे नव्हतं.

"आपल्याला रोज अंगणातून समुद्र दिसतो," ती म्हणाली. "यांना अंगणच दिसत नाही. चल पुढे. पाणी काढायला काही आहे का?"

एकच भांडं होतं. गंज. तो सुशीलाबाई कोणाला देईनात.

"भात हाय त्याच्यात. अन्न पाण्यात टाकतेत का? आधी खाऊन घ्या, मंग गंज खाली होते."

आणि आम्ही खाल्लं. बोटीत पाणी येत असताना, येऊन राहिलेलं असताना, पाच माणसं घाईघाईने वडाभात (डाळीचे वडे भातात कुस्करून वर फोडणीचं तेल) खात होती. देवरावजींनी खांद्यावरचा दुपट्टा ताराचंदला दिला. तो त्याने ग्रीसमध्ये बुडवून शाफ्टभोवती ठासला आणि दुसऱ्या हाताने घास घेतला. 'येऊन राहिलं' म्हणजे मी 'आलं आणि राहिलं' समजलो होतो, हे मी खाता खाता कबूल केलं. नीलाला, जिच्या पोटात लिंबूही टिकत नव्हतं, सुशीलाबाईंनी दोनदा वाढलं. खरं सांगतो, इतका चवदार भात मी जन्मात खाल्ला नाही. जीव जाणार असला की तिखट बरोबर लागतं.

रिकाम्या गंजाने नीला आणि मी पाळीपाळीने पाणी उपसायला लागलो. सुकाणू ताराचंदकडे गेलं. देवरावजींनी डबल बेल दिली.

पुढे पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे दिसायला लागले. देवरावजी उभे राहिले आणि मार्ग सांगू लागले. "हे शाळेचं लिंबाचं झाड. डाव्या हातानं घे. सरळ नको जाऊ, पाटलाची विहीर हाय." मोकळ्या पाण्यावर बोट नव्वद अंशात वळली. "ही आमची गल्ली. हळू घे बापा, इथं पोट्टे खेळतेत." कोणी हसलं नाही. ताराचंदने खरंच वेग कमी केला.

"थांबव," सुशीलाबाई म्हणाल्या. देवरावजींनी एक घंटी वाजवली. इंजिन बंद झालं. शाफ्ट थांबल्यावर पाणी येणंही कमी झालं.

खाली हिरवट पाणी, बाकी काही नाही. मला वाटलं, आता त्या रडतील. त्यांनी नीलाच्या हातून गंज घेतला, कडेला वाकल्या, फडक्याने तो आतून-बाहेरून घासला, विसळला, पुन्हा घासला. चांगला चकचकीत होईपर्यंत.

"आंगणात भांडे घासाले इथंच बसत होतो मी," त्या म्हणाल्या. "चुलीतली राख पाह्यजे होती."

नीलाचे डोळे भरले. माझेही.

देवरावजी खालच्या हिरवट पाण्याकडे बघत हळूच म्हणाले, "पाणी येऊन राहिलं, भाऊ."

मी ताडकन उठलो आणि गंज शोधायला लागलो. त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं.

"तसं नाही जी. तुमच्या मराठीत म्हणलो. आलं, आन् राहिलं."

परतताना इंजिन सुरूच झालं नाही. एका ढिवरभाऊने आम्हाला त्याच्या डोंग्याला बांधून ओढत आणलं. शेठची यॉट पुढे लाकडी डोंगा बांधून कारध्याला आली तेव्हा घाटावर अर्धं गाव हसायला जमलं होतं. सुशीलाबाई ताठ मानेने उतरल्या. पाय ओले होते.

बोट मी घेतली. रत्नागिरीला नेणं माझ्या आवाक्यात नव्हतं, म्हणून ती कारध्यालाच आहे आणि किल्ली देवरावजींकडे. म्हणजे ज्याच्या दारात समुद्र आहे त्याची यॉट भंडाऱ्यात उभी. आळीतले लोक विचारतात तेव्हा मी मोबाइलवरचा फोटो दाखवतो. नीला मला शहाणा म्हणत नाही, पण वेडाही म्हणायची थांबली आहे. आणि ती दोघं नागपूरला गेलीच नाहीत. मुलाला म्हणाले, सायेबाची बोट हाय, सांभाळा लागते.

परवा संध्याकाळी देवरावजींचा फोन आला. "काल घरी जाऊन आलो. बाईनं राख नेली होती संगं."

"आणि इंजिन?" मी विचारलं.

"चालून राहिलं."

"कोणत्या मराठीत?"

"जातानी आमच्या," ते म्हणाले. "येतानी तुमच्या."