मोसंबीजवळचा ड्रम

आत्याच्या मातीहून आलो आणि मी पहिलं काम केलं, ते पाण्याचा ड्रम हलवायचं.

आज वर्ष झालं.

पडेगावात आत्याच्या घरामागं एकच मोसंबी. बाकी वालाचा वेल, गुलाब, मेथीचा वाफा. पण आत्याचा जीव मोसंबीत.

पाऊस सरला की तिचा फोन यायचा. मी पुण्यात असो, सुरतला असो, नाय तर आता इथं होसूरला वेल्डिंगवर.

"जयभीम घाल आधी. मग सांग, कधी येतो? आळं खांदायचंय."

मागच्या वर्षी लीव्ह टाकून गेलो. ती परसात बाजेवर. किडनीमुळं डॉक्टरनं पाणी कमी करायला लावलेलं.

पडल्या पडल्या ऑर्डर चालू.

"वाळल्या काड्या काढ. खोडाला चुना-मोरचूद लाव. आरं, भिंत रंगवायला का? खालून वर लाव!"

गुलाब छाटला. मेथीचं बी फेकलं. मोसंबीचं आळं चाळून मुळ्यांना ऊन दाखवलं.

आणि पाणी बंद.

ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी: हिवाळ्याच्या तोंडावर मोसंबीचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, थोडी गळतात. बघवत नाय. पण जानेवारीत पाणी सोडलं की झाड फुलानं भरतं. ह्याला ताण देणं म्हणतात. मधीच पाणी पडलं तर नुसता पाला. फळ गेलं.

आत्या म्हणली, "मी अन् मोसंबी, दोघी बी ताणावर."

आणि हसली. मग लई खोकली.

"मला काय झालं तरी तिला कुणाला पाणी घालू देऊ नको."

"व्हय."

त्याच आठवड्यात गेली.

मातीहून माणसं परतली. हात-पाय धुवायला कुणीतरी ड्रम भरून ठेवलेला. नेमका मोसंबीला खेटून. सावली होती ना.

दोघा-तिघांनी पाय धुतले. पाणी सरळ आळ्याकडं.

मी ड्रम धरला अन् ओढत गेटपाशी नेला. अर्धा सांडला माझ्याच पॅन्टवर. मग फावड्यानं ओली माती उचलून बाहेर टाकली.

सगळे बघायला लागले.

शेजारचे नाना बोललेच, "आरं, आत्या गेली अन् ह्याला झाडाची पडली!"

कुणीतरी म्हणलं, "डोळ्यात टिपूस नाय पोराच्या."

खरंय. नव्हतं.

रंजनाताई, आत्याची पोरगी, रडता रडता म्हणली, "करू द्या त्याला. आईनंच सांगितलंय."

चार दिवसांनी मी परत ड्युटीवर.

फेब्रुवारीत ताईचा व्हिडिओ कॉल आला. फोन नुसता झाडाकडं धरला. पांढरं सगळं.

ऑक्टोबरात मोसंब्या उतरवल्या. ताईनं गल्लीत वाटल्या. नानांना पण.

नाना म्हणले, "गोड हाय." बास. एवढंच.

मला काय खायला मिळाली नाय. होसूरला कोण आणून देणार.

आज सकाळी ताईनं फोटो पाठवला. मोसंबी मलूल, खाली पानांचा सडा.

"लई सुकायलीय रे. बघवत नाय. तांब्याभर घालू का?"

मी लिहिलं, "नको."

ताईचा मेसेज. "आई पण असंच म्हणली असती."

जयभीम, आत्या.

ताण चालू हाय.